घंटा उशिरा वाजली

१

नंदुरबारच्या पाटलांच्या जिनाला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली, तेव्हा ती कशी लागली याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. दसरा नुकताच झाला होता. हंगामाच्या मुहूर्ताला सकाळी यंत्र फिरवून पाहिलं, कापसाबरोबर एक गारगोटी रोलरात गेली, ठिणगी उडाली आणि गोदामातल्या कापसाच्या पोटात जाऊन बसली. कापूस मोठा लबाड. तो आग पोटात घेऊन तासन् तास गप्प राहतो आणि माणसं भाकरी खायला गेली की तोंड उघडतो. तसंच झालं.

कोडं आगीचं नव्हतं, घंटेचं होतं. अशा वेळी वाजण्यासाठीच ती बसवली होती आणि नेमकी त्याच वेळी मुकी राहिली. अर्धं गोदाम गेलं, पहारेकरी भटूचे दोन्ही हात भाजले, आणि आता सगळा गाव एकाच माणसाकडे बोट दाखवत होता. तो माणूस म्हणजे जिनाचा फिटर अनीस.

सुरतेच्या विमा कंपनीनं चौकशीला पाठवलेले भिला भावसार ताप्ती लाइनच्या गाडीनं उतरले. पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, डोक्यावर काळी टोपी आणि ऊन असो नसो, काखेत छत्री. घराणं मूळचं शिरपूरकडचं, रंगाऱ्यांचं. यांनी रंगाची पिंपं सोडून आगी धरल्या, एवढाच फरक. कोणी घाई केली की त्यांना मनापासून राग यायचा, म्हणून ते आणखी सावकाश चालायचे.

जिनाचे मालक पितांबर पाटील फाटकाशीच उभे होते. चाळिशीचा, शिकलेला, शांत माणूस. रनाळ्याला जमीन, नंदुरबारात जिन. त्यांनी भावसारांना सगळं हिंडून दाखवलं. नवमीची पूजा अजून ताजी होती. इंजिनाच्या चाकाला झेंडूची सुकलेली माळ होती. प्रत्येक यंत्राच्या दांड्याला, कापसाच्या गाठी, म्हणजे गठाणी, बांधायच्या प्रेसला, वजनकाट्याला, एवढंच काय, विहिरीच्या रहाटालाही लालपिवळा नाडा बांधलेला होता. भावसार रहाटापाशी क्षणभर थांबले, नाड्याचा पदर बोटांत धरून पाहिला आणि पुढे गेले.

गोदामाबाहेरच्या ओट्यावर घंटेची लाकडी पेटी होती. यंदाच बसवलेली, विलायती बनावटीची. पितांबररावांनी कमरेची किल्ली काढून दार उघडलं. आत वर घंटा, तिच्याशेजारी हातोडा आणि खाली आलेलं लोखंडी वजन.

हिची करामत साधी होती. गोदामाच्या आढ्याखालून एक बारीक पोलादी तार फिरवलेली. जागोजाग ती तोडून तिथे दोन पितळी पट्ट्या मऊ धातूच्या डाखानं चिकटवलेल्या. तारेचं शेवटचं टोक पेटीतल्या वजनाला वर धरून ठेवतं. खाली कुठे आग लागली, की आढ्याशी हवा तापते, डाख वितळतो, पट्ट्या सुटतात, तार ढिली पडते. वजन सावकाश खाली येऊ लागतं, त्याची दोरी चाक फिरवते आणि हातोडा घंटा बडवत सुटतो. माणूस झोपलेला असो की जेवत असो, घंटेला कोणी सांगावं लागत नाही.

भावसारांनी आत डोकं घातलं. घंटेच्या कपाळावर कुंकवाचं बोट होतं. वजनाच्या वरच्या कडीभोवती आणि तिच्या वरच्या खुंटीवरही लालसर ओघळ होते.

त्यांनी याबद्दल विचारलं, तेव्हा पितांबरराव म्हणाले की तेही पूजेचं कुंकूच, पाण्यानं पसरलं असेल. मग त्यांनी दार लावलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "घंटा चांगली व्हती, सायेब. डाख देणारा वाईट निंघना. उद्या सकाळना गाडीघाई फौजदार ई ऱ्हायनात."

२

अनीस कार्यशाळेच्या पायरीवर बसला होता. त्याला कोणी बांधून ठेवलं नव्हतं, पण फाटकाबाहेर जाऊ नको असं बजावलं होतं. आपल्याच जिनात आपण पाहुण्यासारखे बसलोय, याची त्याला फार लाज वाटत होती. घरी आई चांदबी आणि बायको हलीमा, आणि उद्या फौजदार येणार ही बातमी त्यांच्या कानावर गेलेली होतीच.

भावसारांनी आधी कचेरीतल्या मराठीत प्रश्न विचारले, तशी कचेरीतलीच उत्तरं मिळाली. मग ते पायरीवर त्याच्या शेजारी बसले, छत्री आडवी ठेवली आणि सरळ अहिराणीत बोलू लागले. तेव्हा कुठे माणूस मोकळा झाला.

त्याच्यावरचा आरोप असा होता. पावसाळ्यात तारेचे डाख गंजले, म्हणून अनीसनं ते सगळे नव्यानं दिले. कंपनीचा धातू मऊ, तो लवकर वितळतो. त्याऐवजी अनीसनं भांड्यांना लावतात तसलं साधं कथील वापरलं असेल, तर ते भरपूर आगीशिवाय सुटणारच नाही. मग घंटा उशिरा वाजणार हे उघड होतं. अनीस म्हणाला की डाख दिल्यावर त्यानं सगळ्यांसमोर घंटा वाजवूनही दाखवली होती. पण ती नवमीच्या आधी, तारेचं टोक हातानं सोडून. त्यावरून तार चालते एवढंच कळतं, डाख किती उष्णतेला सुटतो ते कळत नाही. हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

पूजेच्या दिवशी तो धानोऱ्याला बहिणीकडे गेला होता. परत आल्यावर त्यानं पेटी उघडली नव्हती. पूजा मांडलेल्या हत्याराला दसऱ्याची धामधूम संपेपर्यंत कोणी हात लावत नाही, हा जिनाचा जुना रिवाज. तो त्यानं पाळला होता.

"डाख कंपनीना कांडीनाच शे, सायेब," तो म्हणाला. "पन हाई माले कोठे दखाडता ई? जळनं ते जळनं."

"बठ्ठं जळनं नही ना," भावसार म्हणाले.

गोदामाच्या न जळलेल्या टोकाला तीन डाख शाबूत होते. भावसारांनी त्यातला एक उतरवून घेतला. तेवढ्यात कचेरीतून चहाची किटली आली. त्यांनी आधी स्वतःचा पेला भरून घेतला, एक घोट घेतला, मान डोलावली आणि मग किटलीची धार त्या पितळी पट्ट्यांवर धरली. पट्ट्या थोडा वेळ तशाच राहिल्या. मग एक टोक हललं आणि दोन्ही पट्ट्या वेगळ्या होऊन खाली पडल्या. कथिलाच्या डाखाला चहानं काडीचाही फरक पडला नसता.

अनीसच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही. पण भावसार खूश नव्हते. डाख जर इतका मऊ, तर कापूस नुसता धुमसत असतानाच तार सुटली असणार. मग वजन तेव्हाच खाली यायला हवं होतं, आणि ते वेळेवर आलं नव्हतं. याचा अर्थ, पेटीतच काहीतरी त्याला धरून बसलं होतं.

आणि पेटीच्या किल्ल्या दोनच होत्या. एक मालकाच्या कमरेला आणि दुसरी अनीसच्या.

३

जेवणवेळेआधी भावसारांनी माणसं एकेकटी बोलावली. कापूस निवडणारी छबूबाई सगळ्यांत आधी आली, कारण तिला सांगायची फार घाई होती. बायका विहिरीपासून गोदामापर्यंत रांग लावून बादल्या देत होत्या, तिनं सांगितलं. धूर सगळ्यात आधी भटूनं पाहिला. त्यानं ओरडून माणसं गोळा केली. घंटेचा पत्ताच नव्हता.

"आग निम्मी इझाई गयी, मंग त्या घंटाले जाग उनी," ती म्हणाली. "आम्ही त्या धावपळमाबी हसनूत."

भावसार हसले नाहीत. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. घंटा वाजली तेव्हा आग वाढत होती की उतरत होती? छबूबाई म्हणाली, उतरत होती. धूर पांढरा झाला होता, पाण्याची वाफ येत होती.

इथे भावसार सावध झाले. आग चढत असताना जी घंटा गप्प बसते, ती उतरत्या आगीत आपसूक वाजत नाही. तिला कोणीतरी वाजवलं होतं, किंवा निदान सोडवलं होतं.

त्यांनी छबूबाईला विचारलं, मालक तेव्हा कुठे होते? ती म्हणाली, मालक आधी विहिरीवर रहाट ओढत होते, अंगरखा चिंब झाला होता. मग मध्येच ओट्याकडे गेले. कशाला गेले ते तिला माहीत नव्हतं, आणि मालकानं कुठे जावं हे विचारणारी ती कोण?

मग ते भटूच्या घरी गेले. भटू अंगणात बाजेवर पडला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या फडक्यात बांधलेले. बायको रूपलीबाई त्याला पेज भरवत होती, आणि एवढ्या मोठ्या पुरुषाला भरवून घ्यावं लागतं म्हणून तो आगीपेक्षा जास्त चिडलेला होता. गठाणी वाचवायला तो आत घुसला होता. घंटा वेळेवर वाजली असती, तर आत घुसायची पाळीच आली नसती.

अनीसवर तुझा राग आहे का, असं भावसारांनी विचारलं. सगळे सांगतात की त्याच्यामुळं झालं, म्हणून राग धरायला पाहिजे, असं काहीतरी भटू पुटपुटला. पण त्याच्यानं तो धरवत नव्हता. त्याला धुरातून ओढून काढणारा अनीसच होता.

"घंटा वाजनी तव्हय तो कोठे व्हता?" भावसारांनी विचारलं.

"मन्हापान बसेल व्हता. मन्हा दोन्ही हात त्यानी मांडीवर व्हतात, तो पानी टाकी ऱ्हायंता. घंटा वाजनी तशी त्यानी मुंडी वर करी आनि म्हने, आते वाजस का तू?"

भावसारांनी छत्री उचलली. दोन किल्ल्यांपैकी एक त्या वेळी भटूचे हात धुवत बसली होती. उरली दुसरी.

४

पितांबररावांची आई नर्मदाबाई हिनं भावसारांना जेवायला बोलावलं. सत्तरीची, लहानखुरी, पण घरात तिच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. परक्या गावाहून आलेला माणूस खाणावळीत जेवतो, हे तिला पटण्यासारखं नव्हतं. पितांबरराव जिनातच होते.

ताटात कळण्याची भाकरी, भरीत, वरण आणि लिंबाची फोड. भावसार जेवता जेवता पूजेची तारीफ करू लागले. इतक्या निगुतीनं केलेली पूजा आपण फार कमी ठिकाणी पाहिली, असं ते म्हणाले. हे खोटं नव्हतं. म्हातारी खुलली. कुंकूसुद्धा ती बाजारचं वापरत नाही, हळकुंडाला चुना लावून घरीच करते. नाडा मात्र बाजारचा. जिनात ती वर्षातून एकदाच पाऊल टाकते, नवमीला, आणि तेव्हा मुलाकडून सगळ्या किल्ल्या मागून घेते.

"जिनमा जे जे फिरस, वाजस, कापस, त्या बठ्ठासले मी मन्हा हातघाई नाडा बांधस," ती म्हणाली. "एकले बी सोडस नही. आनि यंदा तं नवी पाव्हणी उनी, ती घंटा. तिले बठ्ठासना पहिले बांधा. पाच येढा दिनात, चांगला घट."

भावसारांनी ताटातून वर पाहिलं. म्हातारी भरीत वाढत होती. तिच्या चेहऱ्यावर केवळ समाधान होतं, आणि ते पाहून भावसारांना फार वाईट वाटलं.

सकाळपासून जे डोळ्यांसमोर होतं ते आता लख्ख दिसलं. जिनातल्या प्रत्येक वस्तूला नाडा होता, अगदी रहाटालासुद्धा. एका घंटेला नव्हता.

उठताना त्यांनी लिंबाची फोड मागून घेतली. पोटाची तक्रार आहे म्हणाले. तिथून ते थेट ओट्यावर गेले आणि अनीसच्या किल्लीनं पेटी उघडली. घंटेच्या कपाळावरच्या बोटाला त्यांनी लिंबू लावलं. पाहता पाहता ते पिवळं पडलं. घरच्या हळदीचं कुंकू आंबटाला असंच उघडं पडतं, रंगाऱ्याच्या पोराला हे दुधाबरोबर कळतं. मग त्यांनी वजनाच्या कडीवरच्या ओघळाला लिंबू लावलं, खुंटीवरच्यालाही लावलं आणि वाट पाहिली.

ते लालच राहिले. कुंकू नव्हतंच ते. ओल्या हातानं चोळलेल्या नाड्याचा कच्चा रंग होता.

५

पितांबरराव कचेरीत एकटे बसले होते. भावसारांनी दार लोटून घेतलं. आवाज न चढवता, एखाद्याला हिशेब समजावून सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

डाख चांगला होता आणि तार वेळेवर सुटली. पण वजन कडी आणि खुंटी यांच्यामध्ये नाड्याच्या पाच वेढ्यांनी बांधलेलं होतं, म्हणून ते लोंबकळत राहिलं. आग उतरू लागल्यावर पितांबररावांना घंटेची आठवण झाली. ते ओट्यावर गेले, पेटी उघडली आणि एका नजरेत सगळं समजले. ओल्या हातांनी गाठ सुटेना, म्हणून नाडा तोडला. त्याबरोबर वजन खाली आलं आणि घंटा वाजली. ती वाजेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पितांबरराव म्हणाले की हे सगळे तर्क आहेत, नाडा कोणी पाहिला?

"पूजाना नाडा शे, पाटील," भावसार म्हणाले. "तुम्ही तो उकिरडावर टाकाव नही. चुलीमाबी घालाव नही. तापीमाच सोडशात. आनि आगना दिवसफाईन तुम्ही तापीवर प्रकाशाले गयात नही. तो तुम्हना जवळच शे."

मग पितांबररावांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि तुटका नाडा टेबलावर ठेवला. रंग उतरून तो जागोजाग फिकट झाला होता. ते रडले नाहीत, पण त्यांच्यानं मान वर करवेना.

"मायले कळनं, का भटूना हात तिना नाडामुळे जळनात, तं ती अन्नले हात लावाव नही. मी अनीसले सोडाई लेनार व्हतू. दुसरीकडे काम दी देतू."

"त्यानीबी माय शे," भावसार म्हणाले. "तिना पोऱ्याले फौजदार लई जाई, तव्हय ती जेवी का?"

भावसार म्हणाले की आपण अहवाल संध्याकाळी लिहू, आणि त्यात जे घडलं तेच लिहू. पण आईला ते कागदावरून कळावं की मुलाच्या तोंडून, हे ठरवायला दुपार शिल्लक आहे. एवढं बोलून ते बाहेर येऊन बसले. खरं म्हणजे त्यांनाही म्हातारीची धास्ती वाटत होती. तिच्या घरचं मीठ अजून पोटात होतं.

थोड्या वेळानं पितांबरराव घराकडे निघाले. उन्हं कलली तरी तिकडून कोणी आलं नाही. मग छबूबाई धावत बातमी घेऊन आली. नर्मदाबाई स्वतः ताट वाढून, पदराखाली झाकून भटूच्या घरी गेली होती. रूपलीबाईला बाजूला बसवून तिनं भटूला आपल्या हातानं भाकरी भरवली, एकेक घास, ताट संपेपर्यंत. आधी भटू लाजला, मग रडू लागला, आणि तिनं त्याला रडतानाही भरवलं. त्याचे हात बरे होईपर्यंत ती रोज येणार होती. पोराला आईची एवढी धास्ती वाटली, आणि आईनं मात्र अन्न सोडलं नव्हतं, उचलून जिथे द्यायचं तिथे नेलं होतं.

तिथून ती जिनात आली. नवमी नसताना तिला फाटकात पाहून माणसं कामं टाकून उभी राहिली. मागे पितांबरराव होते, खाली मान घालून. ती ओट्याच्या पायरीवर चढली.

"नाडा मी बांधा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पितांबरनी तोडा आनि दपाडा. अनीसना काहीच गुन्हा नही."

मग पितांबरराव पुढे आले आणि नाडा तोडून लपवल्याचं त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं. फौजदाराकडे माणूस धाडला आहे, तो आता येणार नाही, हेही सांगितलं. अनीससमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. अनीसला काय करावं ते सुचेना. त्यानं मालकाचे जोडलेले हात आपल्या हातांनी खाली केले. राग त्याच्या मनातून एवढ्यात जाणार नव्हता, आणि कोणी तशी अपेक्षाही केली नाही.

म्हातारी त्याच्याकडे वळली. "आते माले हाई वाजाडी दखाड."

अनीसनं नवा डाख देऊन तार जोडली, वजन वर चढवलं. किटली मागवली आणि भावसारांकडे पाहून डाखावर धार धरली. पट्ट्या सुटल्या, वजन खाली सरकलं आणि घंटा वाजू लागली. केवढा तो आवाज. स्टेशनापर्यंत गेला असेल. नर्मदाबाई वजन पार तळाशी टेकेपर्यंत, घंटा गप्प होईपर्यंत ऐकत उभी राहिली. मग तिनं डोळे पुसले.

अनीसनं पुन्हा डाख देऊन वजन वर चढवलं आणि पेटी लावू लागला, तशी तिनं त्याला थांबवलं. कनवटीला एक कोरा नाडा होता. सगळ्यांना आहे आणि हिलाच नाही, हे तिच्यानं बघवत नव्हतं. ती पेटीशी गेली, आत वजनाकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, आणि तिचा हात हवेतच थांबला.

तिनं नाडा अनीसच्या हातावर ठेवला.

"तुले माहीत शे कोठे बांधाना," ती म्हणाली. "तू बांध."

अनीसनं पेटीचं दार लावलं आणि बाहेरच्या पितळी कडीला नाडा बांधला. पाच वेढे दिले, चांगले घट्ट.